खलनायकाची कैफियत आणि वाचकाचा कौल

कथा संपते, खलनायकाचा पराभव होतो, आणि तरीही तो वाचकाच्या मनातून जात नाही, हा अनुभव नवा नाही. नायक जे करतो त्याचे कारण कथेतच दिलेले असते. खलनायक असा का झाला, या प्रश्नाचे उत्तर मात्र मूळ कथा बहुधा देत नाही. ती जागा रिकामी राहते. पुढे केव्हातरी दुसरा एखादा लेखक त्या रिकाम्या जागेत शिरतो आणि खलनायकाच्या बाजूने कैफियत लिहितो. ही कैफियत प्रसिद्ध झाली की मूळ कथेवर प्रेम करणाऱ्या वाचकांत तट पडतात. काहींना ती न्यायाची वाटते, काहींना अतिक्रमणाची.

प्रस्तुत प्रकरणात अशा एका कैफियतीचा आणि तिच्यावरील वाचकांच्या प्रतिक्रियांचा विचार करावयाचा आहे. हा खलनायक आहे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथामालेतील खान नूनियन सिंग. त्याची निवड करण्याचे कारण उघड आहे. जगप्रसिद्ध विज्ञानकथांतील मोठ्या खलनायकांपैकी हा एक, आणि कथेनुसार त्याचे मूळ भारतात आहे. त्यामुळे त्याच्याविषयीच्या वादात भारतीय वाचकाला केवळ प्रेक्षक म्हणून बसता येत नाही.

हा विषय बंगळूरमध्ये बसून पाहणे एका दृष्टीने सोयीचे आहे. येथील चर्च स्ट्रीटवर जुन्या-नव्या पुस्तकांची मोठी दुकाने आहेत आणि विज्ञानकथांच्या फळ्यांवर चित्रपट-मालिकांशी जोडलेल्या इंग्रजी कादंबऱ्या हाताळणारे तरुण वाचक तेथे नेहमी दिसतात. याच शहरात कन्नडचा विद्यार्थी हजार वर्षांपूर्वीच्या रन्न कवीचा दुर्योधन अभ्यासक्रमात वाचतो आणि तो खल की वीर, याची चर्चा करतो. दोन्ही वाचकांचा प्रश्न मुळात एकच आहे, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

संलग्न कादंबरी म्हणजे काय?

चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय झाली की तिच्या हक्कदार कंपनीच्या अनुमतीने त्याच पात्रांवर कादंबऱ्या लिहविल्या जातात. त्यांना आपण ‘संलग्न कादंबरी’ म्हणू. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पडद्यावरील कथाच गद्यात सांगितलेली असते. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्ये आला. त्याची कादंबरी त्याआधीच, १९७६ च्या अखेरीस, प्रसिद्ध झाली होती. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकास यांचे नाव होते, लेखन मात्र ॲलन डीन फॉस्टर यांनी केले होते. दुसऱ्या प्रकारात पडद्यावर न आलेली नवी कथा असते. नायकाचे बालपण, दोन चित्रपटांमधील काळ, किंवा खलनायकाचे पूर्वायुष्य हे तिचे नेहमीचे विषय होत.

या लेखकाचे स्वातंत्र्य मर्यादित असते. पात्रे त्याची नसतात. पडद्यावर जिवंत असलेल्या पात्राला तो मारू शकत नाही, आणि पडद्यावर घडलेले काही पुसून टाकू शकत नाही. उलट, पडद्यावरील कथेने उद्या त्याच्या कादंबरीला छेद दिला तर माघार कादंबरीनेच घ्यावयाची असते. पडद्यावरील ते प्रमाण आणि छापील ते दुय्यम, असा येथील संकेत आहे.

हा संकेत मराठी वाचकाला अगदी अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. शेकडो हस्तलिखिते ताडून संपादकांनी प्रमाण पाठ ठरविला. लोकांच्या मनात पक्के बसलेले काही प्रसंग त्यात मुख्य पाठाबाहेर राहिले. मयसभेत द्रौपदीने दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा’ म्हणून हिणविल्याची कथा कीर्तनांतून आणि नाटकांतून सर्वांना ठाऊक आहे. चिकित्सित आवृत्तीत ती आढळत नाही. पण म्हणून लोकांनी ती सांगणे सोडले नाही. कारण दुर्योधनाच्या वैराला ती एक समजण्याजोगे कारण पुरविते. खलनायकाला कारण द्यावे, ही वाचकाची गरज प्रमाण पाठापेक्षा चिवट असते.

याच्या उलट अनुभव ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांनी घेतला. २००५ च्या चित्रपटात सम्राट पॅल्पाटीन एका संवादात डार्थ प्लेगिअस नावाच्या जुन्या दुष्टशक्तीच्या स्वामीची गोष्ट सांगतो. त्या संवादाच्या आधारावर जेम्स लुसिनो यांनी २०१२ मध्ये ‘डार्थ प्लेगिअस’ ही संपूर्ण कादंबरी लिहिली. गुरू-शिष्यांच्या संशयाची आणि सत्ताकारणाची ही कथा अनेक चाहत्यांना अतिशय आवडली. परंतु एप्रिल २०१४ मध्ये हक्कदार कंपनीने नव्या चित्रपटांसाठी वाट मोकळी करण्याकरिता आधीच्या सर्व कादंबऱ्यांना ‘आख्यायिका’ ठरविले. काल जे त्या विश्वातील सत्य होते ते आज ऐकीव झाले. चाहत्यांचा संताप पाहून बाहेरच्यांना हसू आले असेल. पण लोककथेला आणि पुराणकथेला न घातलेले कुंपण आधुनिक कथेला असते, तिला मालक असतो, हे त्या संतापामागचे सत्य होते.

खान नूनियन सिंगची मूळ कथा

‘स्टार ट्रेक’चा ‘स्पेस सीड’ हा भाग अमेरिकेत १६ फेब्रुवारी १९६७ रोजी दाखविण्यात आला. तेविसाव्या शतकातील ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाला एक जुने यान भरकटत असलेले सापडते. त्यात विसाव्या शतकातील काही माणसे शीतनिद्रेत आहेत. त्यांचा नेता खान. जनुकीय निवडीतून ‘उत्तम मानव’ घडविण्याचा प्रयत्न झाला, त्यातून जन्मलेल्या अतिमानवांनी सत्ता बळकावली आणि १९९० च्या दशकात पृथ्वीवर भीषण युद्धे झाली, अशी या कथेची कल्पना आहे. त्या अतिमानवांपैकी खान १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, जगाच्या चतुर्थांशाहून अधिक भागाचा अनियंत्रित सत्ताधीश होता. जागा होताच तो नायक कर्क याचे यान ताब्यात घेऊ पाहतो. शेवटी त्याचा पराभव होतो आणि त्याला एका निर्जन ग्रहावर वसाहत करण्यासाठी सोडून दिले जाते. यानावरील इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स त्याच्या प्रेमात पडलेली असते. तीही त्याच्याबरोबर जाते.

१९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात त्याची पुन्हा भेट होते. शेजारचा ग्रह फुटल्यामुळे त्याचा ग्रह वाळवंट झालेला आहे, त्याची पत्नी मरण पावली आहे, आणि कर्कने कधी विचारपूसही केली नाही या रागाने तो पेटलेला आहे. सूडाच्या पायी तो स्वतःसह आपल्या अनुयायांचाही नाश ओढवून घेतो. दोन्ही वेळा खानची भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटलबान या नटाने केली. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखविली जात असे. भारतातील मध्यमवर्गीय घरांना या मालिकेचा परिचय तेव्हा झाला.

मूळ भागातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खान कोण आहे हे कळल्यावर यानावरील अधिकारी बैठकीत त्याच्याविषयी बोलू लागतात. त्याच्या राज्यात कत्तली झाल्या नाहीत, त्याच्यावर हल्ला होईपर्यंत त्याने युद्ध केले नाही, असे म्हणून ते त्याचे काहीशा कौतुकाने वर्णन करतात. स्पॉक हा परग्रहवासी सहकारी चकित होतो; त्या राज्यात स्वातंत्र्यही नव्हते, याची तो आठवण देतो. त्यावर कर्कचा अभिप्राय असा की एखाद्याचे कौतुक करणे आणि त्याच्या विरोधात उभे राहणे या दोन्ही गोष्टी मनुष्य एकाच वेळी करू शकतो. पुढे चाहत्यांत जो वाद झाला, त्याचे बीज या एका प्रसंगात आहे.

कादंबरीकारापुढील पेच

१९६७ मध्ये १९९२ हे साल दूरचे होते. पण १९९० चे दशक आले आणि गेले, आणि अतिमानवांची युद्धे काही झाली नाहीत. नोव्हेंबर १९९६ मध्ये याच मालेतील एका नव्या मालिकेची पात्रे कालप्रवास करून १९९६ च्या लॉस एंजेलिसमध्ये आली, तेव्हा तेथे युद्धाचा मागमूसही नव्हता. चाहत्यांनी ही विसंगती तत्काळ हेरली.

ग्रेग कॉक्स यांची ‘द युजेनिक्स वॉर्स’ ही दोन खंडांची कादंबरी २००१ आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने या पेचातून काढलेली वाट चतुर होती. युद्धे झाली, पण ती गुप्तपणे झाली. आपण वर्तमानपत्रांत ज्या घटना वेगळ्या नावांनी वाचल्या, त्यांच्यामागे अतिमानवांचे परस्परांतील झगडे होते, अशी योजना त्यांनी केली. राजस्थानच्या वाळवंटाखाली एक गुप्त प्रयोगशाळा आहे. सरीना कौर ही बुद्धिमान शास्त्रज्ञ तिची प्रमुख, आणि खान तिचा मुलगा. प्रयोगशाळा १९७४ मध्ये नष्ट होते. मुले जगभर विखुरली जातात. दिल्लीत वाढलेला किशोरवयीन खान १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात सापडतो. जगात इतके क्रौर्य आहे, तर ते थांबविण्याचा अधिकार सामर्थ्यवानाला आहे, हा विचार त्याच्यात रुजत जातो. आदर्शवादापासून हुकूमशाहीपर्यंतचा हा प्रवास दुसऱ्या खंडात पूर्ण होतो.

कॉक्स यांनी २००५ मध्ये ‘टू रेन इन हेल’ हा तिसरा ग्रंथ लिहून खानच्या वनवासाची कथाही सांगितली. शीर्षकाचा आधार मूळ भागातच होता. निर्वासित होताना खान मिल्टनच्या महाकाव्यातील सैतानाचा दाखला देतो: स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य बरे मानणारा तो सैतान. या तिसऱ्या ग्रंथात कर्क स्वतः त्या उजाड ग्रहावर परत जातो आणि झाल्या विनाशात आपला दोष किती, याचा शोध घेतो. म्हणजे कैफियत खलनायकाची असली, तरी साक्षीला नायकालाही उभे राहावे लागते.

चाहत्यांचे आक्षेप आणि समाधान

या कादंबऱ्यांचे स्वागत संमिश्र झाले. ज्यांना त्या आवडल्या, त्यांना मुख्यतः जुळणीचे कौतुक होते. मालिकेच्या वेगवेगळ्या भागांतील विसरलेली पात्रे, एखाद्या संवादातील ओझरता उल्लेख, आणि विसाव्या शतकाचा प्रत्यक्ष इतिहास यांची लेखकाने घातलेली सांगड पाहून त्यांना कोडे सुटल्याचा आनंद मिळाला. संलग्न कादंबरीचा वाचक हा मूळ कथेचा अभ्यासक असतो. त्याच्या अभ्यासाला मिळालेली ती दाद होती.

आक्षेप मुख्यतः तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप प्रमाणाविषयी होता. कोट्यवधी माणसे मेल्याचे पडद्यावर सूचित केलेले युद्ध कोणाच्याही लक्षात न येता होऊन गेले, हे अनेकांना पटेना. दुसरा आक्षेप रचनेविषयी होता. शीर्षकात खानचे नाव असताना पहिल्या खंडाचा मोठा भाग गॅरी सेव्हन या दुसऱ्याच पात्राने व्यापला आहे, अशी तक्रार वारंवार होत असे. तिसरा आक्षेप सर्वांत खोल होता. खानचे भय त्याच्या अपरिचिततेत होते. त्याचे बालपण, त्याची आई, त्याचे दुःख सांगितल्यावर तो लहान झाला, असे काहींना वाटले. उलट काहींना वाटले की दुःख कळल्यामुळेच तो मोठा झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पहिले दोन आक्षेप कारागिरीचे आहेत. लेखक अधिक कुशल असता तर ते टळले असते. तिसरा मात्र कौशल्याने टळणारा नाही. खलनायकाला मन दिले की वाचकाला त्याच्याशी नाते जोडावे लागते, आणि असे नाते जोडण्याची प्रत्येकाची तयारी नसते. हा प्रश्न अमेरिकन करमणुकीपुरता नाही. आपल्या वाङ्मयात तो फार जुना आहे.

प्रतिनायकाची आपली परंपरा

संस्कृत नाट्यशास्त्रात खलनायकाला ‘प्रतिनायक’ म्हणतात. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’नुसार तो लोभी, उद्धत, हट्टी, पापाचरणी आणि व्यसनी असतो. लक्षण असे स्पष्ट असूनही कवींनी ते नेहमी पाळले नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या नाटकात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन अखेरच्या घटकेला वैर सोडून देतो. प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे वळते.

कन्नडमध्ये ही वाट अधिक रुंद झाली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या रन्नाने ‘साहसभीमविजय’ लिहिले. नावाप्रमाणे नायक भीम. भीमाच्या रूपाने आश्रयदात्या राजाचा गौरव, हा हेतू. पण काव्य लोकांत ‘गदायुद्ध’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि रणांगणावर आपल्या मृत आप्तांमधून वाट काढीत जाणारा दुर्योधन वाचकांच्या स्मरणात राहिला. १९२६ मध्ये बी. एम. श्रीकंठय्य यांनी या काव्यावरून ‘गदायुद्ध नाटकम्’ रचले. म्हैसूर आणि बंगळूर येथे इंग्रजी शिकविणारे हे प्राध्यापक ग्रीक शोकांतिकेचे जाणकार होते. त्यांना दुर्योधनात शोकांतिकेचा नायक दिसला. पुढे कुवेंपूंनी ‘श्रीरामायण दर्शनम्’मध्ये रावणाला पश्चात्तापाने अंतर्मुख झालेला रंगविले. १९६७ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने या महाकाव्याचा गौरव झाला.

योगायोग असा की खान पडद्यावर आला त्याच १९६७ साली मराठीत दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले, आणि दोहोंनी महाभारताच्या पराभूतांकडे पाहण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती दाखविल्या. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला, आणि त्याच्याबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण व कृष्ण यांना, प्रथमपुरुषी निवेदनाचा अधिकार दिला. कर्ण खलनायक नव्हे. पण तो अधर्माच्या पक्षात उभा राहिलेला योद्धा आहे. कादंबरीने त्याचा अपमान, त्याचे दातृत्व आणि त्याचा एकाकीपणा इतक्या आवेगाने मांडला की पिढ्यान्‌पिढ्या वाचक त्याच्या बाजूचे झाले. आजही ग्रंथालयातील तिची प्रत हाताळून मऊ झालेली आढळते. १९७३ मध्ये रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली. तिनेही कर्णाचीच बाजू घेतली.

त्याच साली प्रसिद्ध झालेल्या इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने मात्र कोणाचीच वकिली केली नाही. भीष्म असो वा कर्ण, प्रत्येकाच्या कृतीचे कारण काय आणि त्या कृतीची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही प्रश्न इरावतीबाईंनी एकत्र विचारले. त्यांची सहानुभूती कमी नव्हती. पण तिच्यामुळे हिशेब बंद झाला नाही. अनेक वाचकांना हे विवेचन कठोर वाटले. पूज्य व्यक्तींना माणूस म्हणून पाहणे त्यांना रुचले नाही.

ही दोन उदाहरणे समोर ठेवली की चाहत्यांच्या वादाचे स्वरूप स्पष्ट होते. वाचकाला खलनायकाकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. त्याला कारण हवे असते, आणि त्या कारणाने दोष पुसला जाऊ नये असेही वाटत असते. ‘मृत्युंजय’चा वाचक पहिल्या मागणीने भारावतो, ‘युगान्त’चा वाचक दुसरीवर थांबतो. संलग्न कादंबरीच्या लेखकाला दोन्ही पुरवावयाच्या असतात, आणि तेही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत.

दिल्ली, १९८४

आता भारतीय वाचकाच्या प्रतिक्रियेकडे वळू. ‘स्पेस सीड’च्या पहिल्या आराखड्यात हा खलनायक उत्तर युरोपीय वंशाचा होता. नंतर तो उत्तर भारतातील, बहुधा शीख, ठरविण्यात आला. पण त्याला केस-दाढी नाही, पगडी नाही. आणि ‘खान’ व ‘सिंग’ ही दोन नावे एका माणसात कशी एकत्र आली याचा कोणी विचार केलेला दिसत नाही. १९६७ च्या अमेरिकन लेखकांना हा माणूस पूर्वेकडील एक भव्य योद्धा म्हणून हवा होता, त्यापलीकडे त्याचे भारतीयत्व त्यांना नको होते. तरीही त्या काळी गौरेतर पात्राला बुद्धी, देखणेपणा आणि नायकाच्या तोडीचे सामर्थ्य देणे ही लहान गोष्ट नव्हती. म्हणूनच २०१३ च्या चित्रपटात बेनेडिक्ट कम्बरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाने खान साकारला तेव्हा टीका झाली. पुढे एका संलग्न चित्रकथेने, त्याचा चेहरा शस्त्रक्रियेने बदलला होता, असे कारण जोडले. चूक पडद्याची आणि डागडुजी छापील पानाची, हा नेहमीचा क्रम येथेही दिसतो.

कॉक्स यांनी खानला भारताचा पत्ता दिला: राजस्थान, दिल्ली, कौर आडनावाची आई. या अर्थाने ही कैफियत मूळ कथेपेक्षा प्रामाणिक आहे. पण याच ठिकाणी भारतीय वाचक थबकतो. परदेशी चाहत्याला १९८४ ची दिल्ली हा इतिहासातून अचूक उचललेला दुवा वाटतो. आपल्याला तो दुवा वाटू शकत नाही. अधिकृत मोजणीनुसार त्या हिंसाचारात एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी काही दशके न्यायालयांच्या पायऱ्या झिजविल्या. तो अनुभव एका काल्पनिक हुकूमशहाच्या जडणघडणीला कारण म्हणून वापरला जातो, तेव्हा वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो: ज्यांनी तेच पाहिले, सोसले आणि तरी कोणावर राज्य करण्याची इच्छा धरली नाही, त्यांचे काय?

हा प्रश्न कादंबरीवरचा ठपका म्हणून विचारलेला नाही. तो कैफियतीची मर्यादा दाखविण्यासाठी विचारलेला आहे. दुःखातून खलनायक घडतो असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच दुःखातून हजारो साधी माणसेही घडतात. जी कथा खलनायकाच्या जखमेवर थांबते आणि त्याच जखमेने भाजलेल्या इतरांना विसरते, ती त्याला नकळत निर्दोष ठरविते. कॉक्स यांचा खान अखेर दोषी ठरतो, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तरीही गर्दीतील इतर माणसांना तेथे नाव नाही.

‘सु’ या उपसर्गाविषयी

अनुवादकाला या विषयात एक लहानशी अडचण येते, ती सांगण्यासारखी आहे. खानला जन्म देणाऱ्या विचारसरणीला मराठीत ‘सुप्रजाजननशास्त्र’ असा प्रतिशब्द रूढ आहे. शब्द निर्दोष आहे, उलट मंगल आहे. चांगली संतती कोणाला नको? मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच. पण या नावाखाली १९०७ पासून अमेरिकेतील राज्यांनी सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले आणि १९३३ नंतर जर्मनीत त्याचे पर्यवसान कशात झाले ते सर्वज्ञात आहे. ‘सु’ कोणासाठी, आणि ते कोणी ठरवावयाचे, हे शब्द सांगत नाही.

इरावती कर्वे यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या ज्या संस्थेत संशोधन करीत होत्या तिच्या नावातच मानवशास्त्र आणि आनुवंशिकतेबरोबर सुप्रजाजनन होते. संचालक ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांची मोजमापे घेतली. कवटीच्या रचनेतील असमानतेवरून वंशांचा श्रेष्ठ-कनिष्ठपणा दाखविता येईल, ही त्या वर्तुळातील धारणा होती. त्यांच्या मोजमापांतून तसे काही निघाले नाही, आणि जे निघाले नाही ते त्यांनी निघाले म्हणून लिहिले नाही. पुढे याच लेखणीने ‘युगान्त’ लिहिले. माणसाला जन्मावरून मोठे किंवा लहान न ठरविता त्याच्या कृतीवरून तपासणे, ही दृष्टी दोन्ही कामांत एकच आहे.

उपसंहार

खानची कथा अजून संपलेली नाही. २०२३ मध्ये प्रसारित झालेल्या मालेच्या एका भागात त्याचे बालपण एकविसाव्या शतकातील टोरांटोत दाखविण्यात आले आणि कॉक्स यांची गुप्त युद्धे पडद्याच्या दृष्टीने मागे पडली. २०२५ मध्ये त्याच्या वनवासावर एक ध्वनिनाट्यमालिका आली. तीत खानला आवाज दिला आहे नवीन अँड्र्यूज या भारतीय वंशाच्या ब्रिटिश नटाने. ‘स्पेस सीड’नंतर ५८ वर्षांनी हे घडले. पडद्याने कॉक्स यांच्या कादंबऱ्या अप्रमाण ठरविल्या, म्हणून वाचकांनी त्या टाकून दिलेल्या नाहीत. रन्नाचा दुर्योधन व्यासांनी मान्य केलेला नाही. तरीही तो वाचला जातो.

एकंदरीत, खलनायकाची कैफियत वाचताना वाचक न्यायाधीशाच्या आसनावर असतो. चांगली कैफियत त्याला आरोपीचे तोंड पाहावयास लावते. वाईट कैफियत त्याला फिर्यादीचे तोंड विसरावयास लावते. कर्क आपल्या सहकाऱ्यांसह खानचे कौतुक करीत असताना स्पॉकने स्वातंत्र्याची आठवण दिली, ती फिर्यादीच्या वतीने होती. खान असा का झाला हे समजून घेण्यास हरकत नाही. किंबहुना ते समजून घेतलेच पाहिजे, कारण पुढचा खान ओळखण्याचा तो एकच मार्ग आहे. मात्र कारण कळले म्हणजे क्षमा झाली, असे मानू नये. क्षमेचा अधिकार ज्यांनी सोसले त्यांचा असतो. वाचकाकडे कौल आहे, आणि तो त्याने दोन्ही बाजू ऐकून द्यावयाचा आहे.